अमेरिकेच्या एका मतावर माझी सही

“अंकल, कॅनॉट सिट. दिस टेबल गॉट पीपल. यू ब्लाइंड आ?”

हे ओरडणारी चिनी आजीबाई हातात ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर उभी होती. उंचीनं माझ्या कोपरापर्यंत येईल, पण आवाज असा की पलीकडच्या टेबलावर एकाच्या वाडग्यातल्या शेवया दचकून काठावर आल्या. मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, टेबलाखाली वाकूनही बघितलं. ‘पीपल’ कुठंच नव्हते. चार खुर्च्या, त्यातल्या एकीवर मी, आणि टेबलावर कागदी टिश्यूचं एवढंसं पाकीट. ते हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी ठेवलंय असं समजून मी त्यातले दोन काढले होते. एकानं कपाळ पुसलं होतं आणि दुसऱ्यानं, कुणी बघत नाही असं पाहून, सदऱ्याच्या आतला प्रदेश.

“नो पीपल,” मी म्हणालो. “ओन्ली पेपर.”

“पेपर इज पीपल,” आजीबाई म्हणाली आणि फडकं टेबलावर असं आपटलं की खटला संपला.

मी उभा जन्म कऱ्हाडजवळच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. लोकशाहीची व्याख्या मी झोपेत सांगतो. खरोखरच सांगतो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे आणि म्हणूनच त्या सिंगापूरला आल्या नाहीत. “तुम्ही जा लेकीकडं, मला महिनाभर शांत झोपू दे,” म्हणाल्या. पण एवढ्या तीन शब्दांत लोकशाही मला आजवर कुणी सांगितली नव्हती. अर्थात हे मला पुढं कळलं. त्या घटकेला एवढंच कळलं की माझ्या अंगावर सावली पडली आहे, आणि ती माणसाची असेल तर तो माणूस पिंपळाएवढा आहे.

तो पिंपळाएवढाच होता. साठीचा, काळाभोर, पांढऱ्या दाढीचा, हातात ताट. ते पाकीट त्याचं होतं. त्यानं पाकिटाकडं बघितलं, माझ्या हातातल्या ओल्या टिश्यूकडं बघितलं, आणि समोरच्या खुर्चीत बसत म्हणाला, “आणखी लागले तर घ्या.”

तेवढ्यात आमचे जावई अमोलराव दोन ताटं घेऊन आले. त्यांनी त्या माणसाला बघितलं आणि ताटातल्या कोंबडीपेक्षा पांढरे पडले.

“आप्पा,” ते मराठीत पुटपुटले, “उठा. हे आमचे साहेब आहेत.”

बुकित पंजांग

इथं थोडं थांबून ज्यांनी सिंगापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची राजश्री आणि अमोलराव बुकित पंजांगला सरकारी इमारतीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. अमोलराव रोज सकाळी कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला रिफायनरीत जातात. तिथं शिरायला पास लागतो. मी एकदा नुसतं बघायला म्हणून त्यांच्या बसमध्ये चढलो, तर नाक्यावरच्या शिपायानं मला इतक्या अदबीनं खाली उतरवलं की मला वाटलं सत्कारच करतोय. शहर इतकं स्वच्छ की माशीसुद्धा पास काढून फिरत असावी. मला तरी महिन्याभरात एकच दिसली, आणि तीही घाईत होती.

पण खरी गंमत बुकित पंजांगच्या छोट्या रेल्वेची. तिला ड्रायव्हर नाही. ती इमारतींच्या अगदी जवळून जाते, आणि लोकांची घरं आली की गाडीच्या काचा आपोआप दुधासारख्या पांढऱ्या होतात. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण कुणाशी भांडतंय, ते दिसू नये म्हणून. घरं सरली की काच पुन्हा स्वच्छ. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं मोतीबिंदू झाला. नात इरा म्हणाली, “आजोबा, इट्स फॉर प्रायव्हसी लाह.” मी म्हटलं, बाळ, आमच्या गल्लीत ही गाडी आणली तर पहिल्याच दिवशी लोक काचा फोडतील. दिसणार नसेल तर प्रवास कशाला करायचा?

आणि ते पाकीट. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली पन्नास टपऱ्या असतात तिथं, माणूस आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतो आणि मग रांगेत जातो. ते पाकीट म्हणजे तो स्वतः. कुणी हलवत नाही, कुणी बसत नाही. मी बसलो.

टिश्यू आणि रुमाल

अमोलराव माफी मागत उभेच होते. त्यांच्या कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात म्हणे, पण त्यांच्या तोंडून ‘सर’ असं बाहेर पडत होतं जसं प्रेशर कुकरमधून वाफ.

मी म्हटलं, आपण बोलावं. मी त्या साहेबांना, म्हणजे वॉल्टरना, सांगितलं की हे तुमचं पाकीट आम्ही आधीच शोधलेलं आहे. आमच्याकडं एसटी स्टँडवर गाडी लागली की माणूस बाहेरूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. रुमाल टाकला की सीट त्याची. आता रुमालावर सगळ्यांचं भागत नाही. कुणी टोपी टाकतं, कुणी छत्री. एका जत्रेच्या दिवशी एकानं पाय बांधलेली कोंबडी टाकली होती आणि दुसऱ्यानं स्वतःचं पोरगं. पोरगं पाच जागांवर आडवं पडलं आणि कुणाला बसू देईना. कोंबडीनं मात्र जागा सोडली.

वॉल्टर हसला. छप्पर असतं तर उडालं असतं. होतंच, पण पक्कं होतं. अमोलराव पहिल्यांदा बसले.

वॉल्टर इंग्रजीत बोलत होता, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या गावची इंग्रजी. अर्धे शब्द गिळून, उरलेले लांबवून. मला ती आमच्या कऱ्हाडकडच्या बोलण्यासारखीच वाटली, म्हणून मी त्याचं बोलणं तसंच लिहितो. वाचकांनी अमोलरावांना विचारून खात्री करू नये.

“मास्तर,” तो म्हणाला, “रुमाल चांगलाय. आमच्या गावात एक दुकान होतं, आत काउंटर, काउंटरला गोल फिरती स्टुलं. तिथं मी लहानपणी रुमाल टाकला असता ना, तर रुमालासकट बाहेर गेलो असतो.”

आता ज्या माणसानं वर्षानुवर्षं ‘अमेरिकन लोकशाहीचा विकास’ हा धडा शिकवला, त्याच्यासमोर साक्षात अमेरिकन माणूस बसला आहे आणि विषयाला त्यानंच हात घातला आहे. मी काय गप्प बसणार? मी धडा म्हणून दाखवला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, सर्व माणसं समान, पण लिहिणाऱ्यांच्याच शेतावर गुलाम, उत्तर दक्षिण यादवी युद्ध, गुलामगिरी रद्द, घटनेत दुरुस्त्या, काळ्या पुरुषांना मताधिकार, मग स्त्रियांना. “आणि त्यानंतर हळूहळू सर्वांना समान हक्क मिळाले,” असा शेवट केला. पुस्तकात हेच वाक्य आहे. पाच मार्कांना येतं.

वॉल्टर कोंबडीभात खात शांतपणे ऐकत होता. मी थांबलो तसा त्यानं चमचा खाली ठेवला.

“सगळं बरोबर. फक्त ते शेवटचं पुन्हा म्हणा.”

“हळूहळू सर्वांना समान हक्क मिळाले.”

“हां. त्या हळूहळूत माझी आजी जन्मली आणि मेली.”

अमोलरावांनी ताटाकडं बघितलं. मला आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यानं धडा शिकवल्यासारखं झालं, म्हणून मी माझ्याकडचं सांगितलं. आमच्या गावच्या हॉटेलात बाहेर कोनाड्यात दोन कप उपडे असायचे, कान तुटलेले. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्यातला कप घ्यायचा, मालकानं वरून चहा ओतायचा, पिऊन झाल्यावर आपणच विसळून पुन्हा उपडा घालायचा.

“तुम्ही प्यायलात?”

“माझ्या वडिलांनी. मी शाळेत जाईपर्यंत कप आत आले होते.”

“कसे आले?”

मी म्हणालो, “हळूहळू.”

मग आम्ही दोघंही असे हसलो की ती फडकंवाली आजीबाई पुन्हा आली आणि आमच्याकडं बघून मान हलवत गेली.

फ्रिजवरचं पाकीट

पुढच्या रविवारी सकाळी वॉल्टरनं आम्हा सगळ्यांना त्याच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी इमारतीतल्या महागड्या फ्लॅटमध्ये, जेवायला बोलावलं. बायको वारलेली, मुलं अमेरिकेत, हा एकटा. त्यानं केली होती ती भाजी बघून राजश्री म्हणाली, “आप्पा, ही तर भेंडी.” भेंडीचा घट्ट काळपट रस्सा, त्यात कोळंबी, आणि सोबत मक्याच्या पिठाची जाड पोळी भाजलेली. मी चाखून वॉल्टरला म्हणालो, तुझी आई आणि माझी आई एकाच विहिरीवर पाणी भरत असणार. मी सोबत खर्डा नेला होता. कऱ्हाडहून बरणीत बांधून आणलेला, तीन विमानतळांवर अधिकाऱ्यांना शिंका आणलेला. वॉल्टर आता नाचणार म्हणून मी इराला मोबाइल तयार ठेवायला सांगितलं. त्यानं चमचाभर खर्डा जिभेवर ठेवला, गिळला, आणि विचारलं, “तिखट वेगळं आणलंय का?”

पाणी आणायला मी उठलो तेव्हा फ्रिजवर चुंबकाखाली एक लठ्ठ पाकीट दिसलं. सरकारी पाकीट मला वासानं ओळखू येतं. वॉल्टरच्या राज्यातून टपालानं आलेली मतपत्रिका. त्या वर्षी तिकडं अध्यक्षांची निवडणूक होती, दिवस थोडे उरले होते, आणि पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

“हे काय?” मी विचारलं.

“राहिलंय,” तो म्हणाला. मग भेंडी ढवळत, “यंदा नाही द्यायचं मत.”

इथं मला आणखी एक सांगायला हवं. मी नुसता मास्तर नव्हतो, मी केंद्राध्यक्ष होतो. आमच्याकडं निवडणूक लागली की मास्तरांना ड्युटी लागते. मी डोंगरातल्या, नदीपलीकडच्या, एकदा तर भरल्या ओढ्यातून पेटी डोक्यावर घेऊन जायच्या गावी मतदान घेतलंय. त्या ओढ्यात मी गळ्यापर्यंत बुडालो होतो आणि पेटी कोरडी होती. आता ओढा गुडघ्याएवढाच होता असं आमचा शिपाई सांगतो, पण तो उंच आहे. तेव्हा न फोडलेली मतपत्रिका बघणं मला जमण्यासारखं नव्हतं.

वॉल्टरनं मला समजावलं. गावातलं मतदान केंद्र उचलून लांब नेलंय. ओळख पटवायला नवेनवे कागद मागतात, आणि ते कागद नेमके कुणाकडं नसतात ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. “मी साठीला आलो मास्तर, आणि भांडण तेच. फक्त भांडणाऱ्यांनी कपडे चांगले घातलेत.”

“आणि आईला काय सांगणार?” मी विचारलं, कारण तोवर तिची कथा त्यानं सांगितली होती. वॉल्टरची आई शिवणकाम करायची. मतदार म्हणून नाव घालायला ती कोर्टाच्या इमारतीत जायची, हा नऊ वर्षांचा, बाहेर पायरीवर बसायचा. आतला कारकून एकदा म्हणाला तारीख चुकीच्या ओळीवर आहे. एकदा म्हणाला घटनेतलं कलम वाचून दाखव, आणि वाचल्यावर म्हणाला अर्थ बरोबर नाही. एकदा तर शाईचा रंग चालत नाही म्हणाला. ती दर वेळी चर्चची टोपी घालून आत जायची आणि तीच टोपी हातात घेऊन बाहेर यायची. शेवटी असल्या अडवणुकीवर बंदी घालणारा कायदा आला तेव्हा तिचं नाव लागलं. आता पंच्याऐंशीची आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे इकडं रविवारी सकाळी, लेकाला फोन करून पहिला प्रश्न एकच विचारते: मत टाकलंस का?

“आज फोन येईल,” वॉल्टर म्हणाला. “गेले तीन रविवार मी म्हणतोय, करतो. आज खरं सांगणार.”

मी म्हणालो, “वॉल्टर, मत म्हणजे काय, खिडकीतून टाकलेला रुमाल. सीट मिळेलच असं नाही. कुणीतरी रुमाल उचलून खिडकीबाहेर फेकतो, कुणी त्यावरच बसतो. पण रुमाल टाकला नसेल तर गाडीत चढून भांडायचं कशाच्या जोरावर? ती फडकंवाली म्हातारी माझ्यावर का ओरडली? तू तिथं नव्हतास. पाकीट होतं.”

तो उठून फ्रिजकडं गेला. मग त्यानं पाकीट काढलं आणि कडेनं फोडलं.

मतदान केंद्र, कॉन्डो, आठवा मजला

आत मतपत्रिका, एक आतलं पाकीट, आणि त्यावर लिहिलेलं की मतदारानं मत स्वतः भरलं हे पाहणाऱ्या एका प्रौढ साक्षीदारानं इथं सही करावी. अमोलरावांनी हात वर केले. “सर, मी इथं एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरीपुरता. मला नको.” मग माझ्याकडं वळून, “आप्पा, तुम्ही टुरिस्ट आहात. परक्या देशात बसून तिसऱ्या देशाच्या निवडणुकीत कशाला?”

वॉल्टरनं सूचनांचा कागद शेवटपर्यंत वाचला. देशाबाहेरच्या मतदारासाठी साक्षीदार कुठल्याही देशाचा चालतो असं त्यात स्पष्ट होतं.

“मग झालं,” मी म्हणालो आणि केंद्राचा ताबा घेतला.

साक्षीदारानं मतदान बघायचं, पण मत बघायचं नाही. मी इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर पंचा टाकला, मागं खुर्ची ठेवली. राजश्रीला मतदान प्रतिनिधी नेमलं, अमोलरावांना दारावर पोलीस. इरा म्हणाली, “आजोबा, लाइक द ट्रेन विंडो.” अगदी बरोबर. घर आलं की काच पांढरी. वॉल्टर त्या पंच्यामागं बसला, पण तो एवढा की डोकं वर आणि गुडघे बाहेर, मधला भाग तेवढा गुप्त. पेनाचा आवाज ऐकू येत होता. त्यानं पाकीट चिकटवलं. मी इराच्या दप्तरातला जाड काळा मार्कर घेऊन त्याच्या डाव्या तर्जनीला शाई लावली. नियमात नव्हतं, पण मला चैन पडेना.

मग मी सही केली. झोकात, एका दमात, अशी मी हजारो मतपत्रिकांच्या पाठीवर केली आहे.

राजश्री वाकून बघत होती. “आप्पा,” ती म्हणाली, “मराठीत केलीत?”

सगळे पाकिटावर वाकले. ‘शि. भि. कांबळे’, वरती लांबलचक शिरोरेघ, खाली दोन टिंबं आणि कोयत्यासारखा फराटा.

वॉल्टरचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा साहेबाचा झालेला बघितला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मास्तर, ते लोक कारण शोधत असतात. माझ्या आईला शाईच्या रंगावरनं परत पाठवलं. तुम्ही त्यांना कारण दिलंत, वर रेघ मारून.”

दुसरं पाकीट मागवायला वेळ नव्हता. खोडून इंग्रजीत करावी तर खाडाखोड झाली म्हणून बाद. शेजारी दुसरी करावी तर दोन सह्या. मी कितीतरी निवडणुका घेतल्या, पण माझ्या हातून मत बाद झालं नव्हतं. आणि पहिलं होणार ते अमेरिकेचं.

“अशी का केलीत?” वॉल्टरनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. माझे वडील शाळेत गेले नव्हते. मतदान केंद्रावरचे लोक विचारायचे, सही की अंगठा. पहिल्या मताला त्यांनी अंगठा दिला. दुसऱ्या मताच्या आधी भिंतीवर कोळशानं गिरवून गिरवून सही शिकले, भिकाजी तुकाराम कांबळे, आणि केंद्रावर ती करायला एवढा वेळ लावला की मागं रांग बोंबलायला लागली. मला त्यांनी अक्षरं शिकवली नाहीत, सही शिकवली. वरची रेघ त्यांची आहे. दुसरी सही मला येतच नाही.

तेवढ्यात टेबलावरचा वॉल्टरचा मोबाइल वाजू लागला. आई.

पडद्यावर एक बारीक, ताठ बाई, डोक्यावर पांढरे केस कापसासारखे. “मत टाकलंस का?”

वॉल्टरनं काही न बोलता शाई लावलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. ती म्हणाली, “बोट चेंगरलंस?”

मग त्यानं सगळं सांगितलं. मी, पंचा, सही, सगळं. पाकीट पडद्याजवळ नेलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मी बाजूला असा उभा होतो जसा मी कधी हेडमास्तरांसमोरही उभा राहिलो नव्हतो.

“ही रेघ कसली?” तिनं विचारलं.

“त्यांच्या वडिलांची आहे, ममा. सही शिकले ते मत द्यायला.”

मागं तिच्या घरात कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

“अशीच पाठव,” ती म्हणाली. “परत पाठवू देत. मी जाते कोर्टात. टोपी आहे अजून.”

तांजोंग पगार

सोमवारी वॉल्टरला तांजोंग पगारच्या हेडऑफिसात काम होतं, आणि तिथूनच पाकीट कुरिअरनं धाडायचं ठरलं. मी सोबत गेलो. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी ते पाकीट दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होतो. एका पोरानं मला बसायला जागा दिली तर मी मान हलवली. मतपेटी घेऊन केंद्राध्यक्ष बसत नसतो. शेजारच्या बाईनं माझ्याकडं संशयानं बघून आपली पर्स जवळ घेतली.

तांजोंग पगारला एका बाजूला जुनी रंगीत बैठी दुकानं आणि त्यांच्या डोक्यावर काचेचे मनोरे. मनोऱ्यांची टोकं मला दिसली नाहीत, ढगात असावीत किंवा माझी मान पुरली नसावी. कुरिअरवाल्या मुलीनं पाकीट घेतलं आणि टोपलीत टाकलं. टाकलं, म्हणजे फेकलंच. मी म्हणालो, मॅडम, हळू. तिनं माझ्याकडं बघितलं, वॉल्टरनं तिच्याकडं बघितलं. तिनं ते उचलून पुन्हा नीट ठेवलं.

परतताना एका चिनी टपरीवर वॉल्टरनं मला बर्फाचा लाल-हिरवा डोंगर खाऊ घातला, आत राजमा आणि वर मका. गोडात राजमा घालणाऱ्या लोकांनी एवढं शिस्तीचं शहर कसं बांधलं हे मला अजून कळलेलं नाही.

पुढचे आठवडे मी नीट जेवलो नाही. राजश्री सांगेल की मी रोज दोन वेळा ताट चाटून पुसून खाल्लं, पण मनानं नाही. अमोलराव रोज संध्याकाळी बसमधून उतरले की मी विचारायचो, “साहेब काय म्हणाले?” ते म्हणायचे, “पंपाबद्दल बोलले, आप्पा.”

निकाल येऊ लागला तेव्हा इकडं सकाळ होती. काय लागला ते जगाला ठाऊक आहे. वॉल्टरनं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, केंद्राध्यक्ष विचारत नसतो. त्या दिवशी तो ऑफिसात दार लावून बसला होता एवढं अमोलरावांनी सांगितलं. मला काळजी निकालाची नव्हती. कोण जिंकलं हे ठरवणारं ते एक मत नव्हतंच. मला एवढंच कळायला हवं होतं की ढिगात ते होतं की नव्हतं.

माझा शेवटचा रविवार आला. वॉल्टरकडं पुन्हा भेंडी. माझी खर्ड्याची बरणी संपली होती. त्यानंच संपवली होती. मोबाइल वाजला आणि पडद्यावर आई, डोक्यावर फिकट निळी टोपी, फुलं लावलेली. घरात बसून टोपी.

“जाऊन आलीस?” वॉल्टरनं विचारलं.

“जाऊन आले. तीच इमारत, तोच काउंटर. आता लाकडाऐवजी काच आहे.” तिनं रांगेत उभं राहताना काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. शाईपासून सुरुवात करणार होती. वकील असलेल्या भाच्याला बाहेर गाडीत बसवून ठेवलं होतं. चालायची काठी मुद्दाम नेली नव्हती, म्हातारी समजून खुर्ची दिली तर भांडण मऊ पडतं म्हणून. तिचा नंबर आला. काचेमागं एक तरुण मुलगी होती, लांब रंगवलेली नखं, तोंडात च्युइंगगम. आईनं वॉल्टरचं नाव सांगितलं. मुलीनं कॉम्प्युटरवर बघितलं. आई म्हणाली, त्याच्यावर साक्षीदाराची सही परक्या लिपीत आहे, वर रेघ आहे, आणि त्यावरून तुम्ही लोकांनी काही हरकत काढली असेल तर मी ती ऐकायला आले आहे.

“मग?” मी विचारलं. वॉल्टरच्या आधी मीच विचारलं.

“मग काय,” आई म्हणाली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. “ती पोरगी वरसुद्धा बघेना. म्हणाली, सही आहे मॅम, मोजलंय. पुढचे कोण?”